बांधावरची बोंडअळी

बोंडअळी म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, ठाऊक आहे मला. मी तीच. गुलाबी. आता लगेच फवारणीचा पंप शोधायला उठू नका. आधी ऐकून घ्या, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. शिव्यांची मला सवय आहे. खानदेशात माझ्या नावानं जेवढी बोटं मोडली जातात, तेवढी सासूच्या नावानंसुद्धा मोडली जात नसतील.

तशी मी आता अळी राहिलेली नाही. मला पंख फुटलेत. मातकट रंगाची, करंगळीच्या नखाएवढी पाकोळी झालेय. पण पाकोळी म्हणून मला कोण ओळखणार? म्हणून माहेरचं नाव सांगितलं. आमचं अख्खं आयुष्य सव्वा महिन्याचं. त्यातला महिना कधीच सरला. आता उरलेत ते दोन-तीन दिवस, आणि सांगायचं तर पुष्कळ आहे.

माझा जन्म शिंदखेडा तालुक्यातला. नाल्याच्या काठी उखर्डूआबांचं चार एकर कपाशीचं शेत आहे. त्याच्या बांधालगतच्या ओळीत मी जन्मले. बांधालगतच्या, हे नीट ध्यानात ठेवा. शेताच्या मध्यात जन्मले असते तर हे सांगायला मी उरलेच नसते.

आमच्यात आईची भेट होत नाही. ती बोंडाच्या देठाशी, हिरव्या झालरीच्या आड अंडं ठेवते आणि जाते. मी अंड्यातून बाहेर आले तेव्हा केसाएवढी होते, पांढरट, काळ्या डोक्याची. समोर हिरवंगार बोंड. कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, पण एक गोष्ट मला कळत होती. थांबायचं नाही, आत शिरायचं. कारण बाहेर मुंग्या होत्या.

कपाशीला तुम्ही गरीब गाय समजता ना? अहो, बाई पोहोचलेली आहे! तिच्या पानाच्या पाठीला, मधल्या शिरेवर एक बारीकसा खळगा असतो. त्यातून गोड रस पाझरतो. फुलातला मध मधमाश्यांचा, आणि हा मुंग्यांचा. मुंग्या गोडाच्या आशेनं येतात आणि येता-जाता आमची पोरं उचलून नेतात. घरबसल्या पहारेकरी ठेवलेत तिनं.

हे काही आजकालचं नाही. माणसानं कापसाचं सूत काढायच्याही आधीपासूनचं आहे. ज्या अळ्या पानावर उन्हं खात रेंगाळल्या, त्या वारुळात गेल्या. ज्या जन्मल्याबरोबर बोंडात घुसल्या, त्या वाचल्या, आणि त्यांचीच पोरं पुढं आली. म्हणून मी जन्मजात घाईची. यात माझी अक्कल काही नाही, मुंग्यांनी आम्हाला असं केलंय.

बरं, आत शिरलं की सुटलो म्हणावं, तर तसंही नाही. एक बारकी गांधीलमाशी असते. ती बोंडावर बसून आतली हालचाल ओळखते, शेपटीची सुई आत खुपसते आणि आमच्या अंगावर स्वतःचं अंडं ठेवते. तिचं पोर आम्हाला खाऊन मोठं होतं. म्हणून आम्ही आणखी खोल, सरकीतच जाऊन बसतो. मग ज्या माशीची सुई लांब तीच आमच्यापर्यंत पोहोचते, आणि पुढच्या खेपेला लांब सुईच्या माश्या जास्त जन्मतात.

असं चाललंय. एकीनं पाऊल टाकलं की दुसरीला टाकावंच लागतं. कपाशी, मुंगी, माशी, मी, कुणी कुणाला सुखानं बसू देत नाही. पण खरं सांगू? मला याचं वाईट वाटत नाही. भांडून भांडूनच आम्ही एकमेकींना घडवलंय, आणि अजून घडवतोय. हे काम काही संपलेलं नाही.

मग या भांडणात माणूस पडला.

त्यानं कपाशीच्या अंगातच विष भरलं. बीटी म्हणतात त्याला. पान कुरतडलं, बोंड कुरतडलं, की अळी गेली. सुरुवातीला आमच्या वस्त्याच्या वस्त्या उठल्या. माणसं खूश झाली, पंप माळ्यावर गेले.

पण लाखांत एखादी अशी निघाली, की तिला ते विष पचलं. पारावर बसून लोक म्हणतात, “अळी हुशार झाली.” हुशार कसली डोंबलाची! ती काही शिकली नाही, तिनं काही केलंही नाही. तिचं पोटच जन्मतः वेगळं होतं. पूर्वी त्या पोटाचा काही उपयोग नव्हता, आता झाला. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिला जोडीदार मिळाला तोही तिच्यासारखाच उरलेला. मग त्यांना जी पोरं झाली ती सगळी विष पचवणारी.

तशी पोटं आता गावोगाव झालीत. मी मात्र जुन्या वळणाची. मला ते विष पचत नाही. बीटीच्या बोंडाचे दोन घास खाल्ले असते तर माझा कारभार तिथंच आटोपला असता. मग मी जगले कशी? तर उखर्डूआबांमुळे.

बियाण्याच्या पिशवीत एक बारकी पुडी असते. तिच्यात साधं, बिनविषाचं बी. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, की हे शेताच्या कडेनं लावा. पण लावतो कोण? कुणी ती उकिरड्यावर फेकतं, कुणी तिच्यानं नांग्या भरतं, म्हणजे जिथं बी उगवलं नाही तिथं हे टोचून मोकळं होतं. आबांचा मुलगा नवल दर वर्षी नांग्याच भरायचा. यंदा उगवण चांगली झाली, नांग्या पडल्याच नाहीत, तर त्यानं चार पिशव्यांतल्या चारही पुड्या उकिरड्यावर भिरकावल्या.

सकाळी शेणाची पाटी रिकामी करायला आबा गेले, तेव्हा त्यांना त्या दिसल्या. वाकून उचलल्या, धोतराला पुसल्या आणि घेऊन आले.

“आबा, ते टाकलंय,” नवल म्हणाला.

“टाकेल शे म्हनीसन काय झालं?” आबा म्हणाले. “माले बी उकिरडावर टाकेल व्हतं. मी मरनू का?”

नवल हसला, पण आबांनी ते थट्टेवारी म्हटलेलं नव्हतं. आबांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेलेली. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं तिथून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. मरणाला वाटावं, हे तर कुणी टाकून दिलेलं पोर, हे नेऊन काय करायचं? या भागात अशी नावं पूर्वी घरोघर होती. आबा आता पंचाहत्तरीचे आहेत, आणि अजून स्वतः निंदणीला बसतात.

त्यांनी त्या पुड्यांतलं बी नाल्याकडच्या बांधाला पाच ओळींत लावलं. अळीचं, विषाचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. टाकलेलं बी उगवून आलेलं बघायचं, एवढीच हौस. श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सणाच्या सुमाराला त्या ओळींना पात्या, म्हणजे कळ्या लागल्या, मग फुलं, मग बोंडं. त्यातल्या एका बोंडात मी.

आता कबुली देते. मी खाल्लं. नाकारत नाही. चार सरक्या फस्त केल्या, कापसाला पिवळे डाग पाडले. माझं बोंड अर्धंच उमललं, त्याची कवडी झाली, म्हणजे कापूस आतच चिकटून राहिला. वेचणाऱ्या बायांनी ती बघून तोंड वाकडं केलं असेल, आणि त्यांचंही चुकलं नाही. भूक होती, खाल्लं. तुम्हीही भुकेला काही विचारून जेवत नाही.

तेराव्या दिवशी अंग गुलाबी झालं. बोंडाला गोल भोक पाडून मी खाली मातीत उडी मारली, ढेकळाखाली कोष केला आणि आठवडाभर पडून राहिले. बाहेर आले ती पंख घेऊनच. आणि पंख आले की दुसरी काळजी सुरू होते. लग्नाची.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. अहो, नवलनं शेतात पिवळे सापळे टांगलेत. आत एक गोळी असते, तिला आमच्या पोरींचा वास. बिचारे पोरगे त्या वासानं जातात आणि पिशवीत अडकतात. पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे निघालेले तीन माझ्या डोळ्यांदेखत तिकडं वळले. प्लॅस्टिकच्या डबीनं माझी सवत व्हावं, काय दिवस आलेत!

चौथा मात्र सापळ्याला चुकवून माझ्यापर्यंत आला. तो शेताच्या आतला, बीटीच्या बोंडात वाढलेला. त्याच्या अंगालाच बीटीचा वास होता. विष पचवून मोठा झालेला गडी! मला अप्रूप वाटलं. माझ्यासारखीला असा नवरा मिळावा? मनात म्हटलं, पोरं बापावर गेली म्हणजे झालं. या चार एकरांत कुठंही जगतील, त्यांना माझ्यासारखं बांधाला चिकटून बसायला नको.

म्हणून दोन संध्याकाळी मी आतल्या ओळींतच अंडी ठेवली. साठ-सत्तर तरी असतील. चांगली टपोरी बोंडं निवडली. एका बोंडाला एक, क्वचित दोन. त्यांना भांडायला लागू नये, पोटभर मिळावं. बापाच्या घरी पोरं ठेवून मी बांधावर परत आले, आणि मनात काही शंका नव्हती.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा रुपचंद बांधावर आला. त्याचं शेत नाल्याच्या पलीकडं. त्यानं आमच्या ओळीतलं एक बोंड फोडलं, आतली गुलाबी अळी नवलच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “बघ. तुम्हना बांध म्हंजे अळीस्नं माहेर शे! आठून बठ्ठ्या मन्हा शेतमा येतस.” म्हणजे सगळ्या अळ्या इथूनच त्याच्या शेतात जातात.

नवलनं आणखी पाच बोंडं फोडली. चारांत अळ्या. त्याचं तोंड उतरलं. वर्षाचा घास त्या चार एकरांत होता, त्याचा राग मला समजतो. तो घरी गेला आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन आला.

पहिली ओळ त्यानं तासाभरात उपटली. चिमट्यात खोड धरायचं, दांडा दाबायचा, की झाड मुळासकट वर. पात्या, हिरवी बोंडं, आतली पोरं, सगळं बांधावर आडवं. ती ओळ माझ्यापासून दोनच पावलांवर. तिथं माझ्या बरोबरीच्या कितीतरी होत्या. मी तिसऱ्या ओळीत पानाखाली अंग चोरून बसले होते. त्या पाच ओळी सोडून आमच्या जातीला त्या शिवारात राहायला दुसरी जागा नव्हती. सगळीकडं बीटीच बीटी.

तेवढ्यात कामिनी जेवण घेऊन आली. कामिनी म्हणजे नवलची बायको. माहेर चाळीसगावचं, बारावीपर्यंत शिकलेली, घरात आलेला कोणताही कागद वाचल्याशिवाय चुलीत न घालणारी. तिनं आडवी पडलेली ओळ पाहिली, टोपली खाली ठेवली आणि सरळ दुसऱ्या ओळीपुढं जाऊन उभी राहिली.

“अहो, थांबा. मला सहा दिवस द्या.”

“सहा दिवसांत काय होणार? अळ्या दुप्पट होणार,” नवल म्हणाला. “सरक बाजूला.”

ती सरकली नाही. कमरेची पिशवी उघडून तिनं पुडीतला तो कागद काढला. घडीवर घडी पडून तो फाटायला आला होता.

“हा मी चारदा वाचला, तेव्हा कळला. बांधावरच्या अळीचं पोट कच्चं, तिला बीटी पचत नाही. आतली अळी पक्क्या पोटाची, तिला पचतं. आता बांधावरचीचं लग्न आतल्याशी लागलं, तर पोरं कुणावर जातात माहितीये? आईवर. कच्च्या पोटाची निघतात आणि बीटीच्या बोंडात मरतात. बांध नसला तर आतल्यांची लग्नं आतल्यांशीच लागणार, आणि पोरं सगळीच्या सगळी पक्की. मग ते बीटी काय आणि गवत काय!”

मी पानाखाली बसून हे ऐकत होते. ऐकता ऐकता माझे पंख गार पडले.

“हे कागदावर,” नवल म्हणाला. “शेतात कुठं दिसतंय?”

“दिसेल. सहा दिवसांनी आतली वीस बोंडं फोडू. रुपचंदभाऊंच्या शेतातली वीस आणू, त्यांच्याकडं बांध नाही. आपल्या बोंडांत मेलेली बारकी अळी सापडली, तर बांध ठेवायचा. नाही सापडली, तर उपटा. मी स्वतः तुमच्या बरोबरीनं उपटू लागते.”

नवल आबांकडं बघायला लागला. आबा आडव्या पडलेल्या झाडांशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ दे रे नवल, सहा रोज,” ते म्हणाले. “काय जास तुन्हं?”

नवलनं चिमटा खाली टाकला आणि भाकरी खायला बसला. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.

आणि माझं काय झालं ते कुणाला सांगू? सत्तर अंडी आत ठेवून आले होते मी. ती बापावर गेली तर जगणार, पण मग बांध उपटला जाणार, आणि माझ्यासारख्या उरल्यासुरल्या सगळ्यांचं घर जाणार. ती आईवर गेली तर बांध राहणार, पण ती मरणार. असं कुणा आईपुढं येऊ नये. वैऱ्यावरही येऊ नये.

लपवत नाही, मी बापाच्याच बाजूनं होते. बांध गेला तर गेला, माझी पोरं जगू दे, एवढंच मनात येत होतं. जातीचा विचार वगैरे मोठ्या गोष्टी. पोटच्या पोरापुढं त्या सुचत नाहीत. रोज संध्याकाळी मी उडून आत जायचे आणि एकेका बोंडावर बसून यायचे. चौथ्या दिवशी ती बाहेर पडली. केसाएवढी, पांढरट, काळ्या डोक्याची. एकही पानावर रेंगाळली नाही, सगळ्या धडपडत बोंडाकडं. मला एवढं कौतुक वाटलं! आणि लगेच मनात आलं, ही घाई तर माझी, म्हणजे आईवरच गेली की काय?

पाचव्या संध्याकाळी मी बोंडावर पाय टेकून ऐकत बसले. आत कुरतडण्याचा बारीक आवाज यायला हवा होता. शेजारच्या बोंडात येत होता, ते पोर दुसऱ्या कुणाचं. माझ्या बोंडांत मात्र सामसूम होती. मी मनाची समजूत घातली, म्हटलं पोटं भरली असतील, झोपली असतील.

सहाव्या दिवशी सकाळी कामिनीनं बांधावर गोणपाट अंथरलं. रुपचंद त्याच्या शेतातली वीस बोंडं पिशवीतून घेऊन आला होता, हसतच. नवल चिमटा घेऊन आला. आबा लिंबाच्या सावलीला बसले.

आधी रुपचंदची बोंडं. कामिनीनं ब्लेडनं एकेक चिरलं. अकरांत जिवंत अळ्या, लठ्ठ, गुलाबी, वळवळणाऱ्या. मेलेली एकही नाही. रुपचंदचं हसू कमी कमी होत गेलं.

मग आमची, मी अंडी ठेवली होती त्याच ओळींतली. पहिलं बोंड स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यात जिवंत गुलाबी अळी.

“बघ,” नवल म्हणाला.

चौथं स्वच्छ. पाचव्यात पुन्हा जिवंत. नवलनं चिमट्याकडं हात नेला. सहाव्या बोंडाच्या सालीच्या आत कामिनीला काहीतरी दिसलं. तिनं मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला, चित्र मोठं केलं आणि एकदम ओरडली.

“मेलीय! आबा, बघा, ही मेलीय!”

दोऱ्याच्या तुकड्याएवढी होती. वाळलेली, पिवळट. काळं डोकं आत वळलेलं, घाईत. तिनं दोन घास खाल्ले असतील, फार तर तीन.

मग सापडतच गेल्या. आठव्यात एक, नवव्यात एक, अकराव्यात दोन. कामिनी मोजत होती आणि तिचा आवाज चढत होता. वीस बोंडांत नऊ मेलेल्या, तीन जिवंत. कामिनीनं टाळ्या पिटल्या. तिचा मला राग नाही. तिच्या शेतातलं विष अजून चालत होतं, तिनं का आनंद करू नये?

पण त्या नऊ माझ्या होत्या. मला प्रत्येक बोंड ओळखता येत होतं. अकरावं तर मी फार शोधून निवडलं होतं.

नवलनं चिमटा उचलला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “राहू दे बांध.” रुपचंद गोणपाटावरच्या स्वतःच्या अळ्यांकडं बघत राहिला, मग पुटपुटला, “पुढला साल माले बी ती पुडी लावनी पडी.”

आबांनी कामिनीच्या हातातलं एक बोंड मागून घेतलं. चष्मा लावला. त्या वाळलेल्या दोऱ्याकडं बराच वेळ पाहिलं.

“केवढंसं लेकरू व्हतं,” ते म्हणाले.

कामिनीचं हसू थांबलं. अळीला लेकरू म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. आमच्या डोळ्यांना पाणी येत नाही, पण मी त्या पानाखाली रडले, हे खरं आहे.

ही कालची गोष्ट. आता माझं थोडंच राहिलंय. पंखांची धूळ झडली आहे, उडताना तोल जातो. तर जाता जाता तुम्हाला एवढंच मागते. ती बारकी पुडी फेकू नका. चार ओळी आमच्या असू द्या. तिथं आम्ही खाऊ, थोडं नुकसान करू, खोटं कशाला बोलू? पण आम्ही कच्च्या पोटाच्या सगळ्या संपलो, तर उरतील त्या फक्त पक्क्या. मग तुम्ही नवं विष आणाल, आणि लाखांत एखादी त्यातूनही उरेल. आम्हाला कायमचं संपवायच्या नादात तुम्ही आमच्यातल्या सगळ्यात चिवट तेवढ्या निवडून ठेवताय. आपलं भांडण मिटायचं नाही. कपाशीशी आणि मुंगीशीही आमचं मिटलेलं नाही. पण त्यात दोघांनाही जगता येईल एवढी जागा असू द्या.

आणि शिव्या घालायच्याच असतील तर जिवंतांना घाला. त्या नऊ पोरींना नको. त्या तुमच्या कामी आल्या.

ऊन उतरलंय. आबा बांधावरची आडवी झाडं गोळा करून पलीकडं टाकतायत. माझ्या पोटात अजून दहा-बारा अंडी आहेत. आत जायचं बळ आता पंखांत नाही, आणि मनही नाही. दुसऱ्या ओळीत, नवलचा चिमटा जिथं थांबला त्याच्या पुढच्याच झाडावर, कोवळी बोंडं आहेत. त्यांच्या देठांशी मी ती एकेक करून ठेवणार आहे. इथं आईवर गेलेलं पोरही जगतं.